मधल्या फळीतला माणूस

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या महामार्गावर महाड आणि पोलादपूर ही दोन गावे लागोपाठ येतात. पोलादपूर मागे पडले की कशेडीचा घाट सुरू होतो आणि रायगड जिल्हा संपतो. कोकण रेल्वे पूर्ण होऊन १९९८ साली गाड्या सुरू झाल्या, तरी महाड शहरात ती आलीच नाही. वीर आणि करंजाडी या स्थानकांवर उतरून महाडकर आपल्या गावी येतात. म्हणजे गोव्याची वाट या गावांच्या अंगणातून जाते, पण गोव्याचे वेड येथे उतरले नाही. या पंचक्रोशीत शेत कापून झाले की पोरे कबड्डीचे पट्टे आखतात किंवा क्रिकेटच्या यष्ट्या रोवतात. फुटबॉल मात्र बसच्या खिडकीतून पाहत पाहत पुढे गेला.

तरीही आम्ही आज फुटबॉलविषयी लिहीत आहोत, आणि ते महाडचे नाव घेऊन लिहीत आहोत. त्याचे कारण पुढे येईल.

गोव्यात हा खेळ आला तो पोर्तुगिजांच्या हातून नव्हे, हे ऐकून आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या सत्तेने पाव दिला, मांडो दिला, आडनावे दिली. फुटबॉल मात्र एका इंग्रजी बोलणाऱ्या धर्मगुरूने दिला. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे बारदेशातील शिवोली येथे आले आणि त्यांनी तेथील मुलांना चेंडू लाथाडायला शिकवले, अशी या खेळाच्या गोव्यातील जन्माची सर्वमान्य कथा आहे. पुढे शाळांतून, सेमिनरींतून आणि मग धर्मग्रामाधर्मग्रामांतून तो पसरला. चर्चपुढची मोकळी जागा हेच पहिले मैदान झाले. आश्रयदात्या संताच्या सणाला सकाळी मिस्सा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी शेजारच्या गावाशी सामना, असा क्रम पडून गेला. पोर्तुगीज राजवटीने १९३९ साली या खेळाची संघटना उभी केली खरी. पण तोवर खेळ लोकांचा झालेला होता.

मुंबईत पोट भरायला गेलेल्या गोमंतकीयांनी तो बरोबर नेला. धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या नावाने जे कूड उभे राहिले, त्यांत एका भिंतीवर संताची तसबीर, एका कोपऱ्यात खलाशांच्या पेट्या आणि त्यांतच कोणाचे तरी बूट असत. कुपरेजच्या मैदानावर रोव्हर्स करंडकाचे सामने होत, तेव्हा या कुडांतली माणसे गर्दी करीत. याच मुंबईने आपल्याला नेव्हिल डिसोझा दिले, ज्यांनी १९५६ साली मेलबर्न येथील ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. आणि याच मुंबईने फोर्तुनातो फ्रँको दिले.

फ्रँको यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण आमच्या विषयाचा धागा तेथे सुरू होतो. जन्म बारदेशातील कोलवाळचा, वाढ मुंबईची, खेळ टाटा स्पोर्ट्स क्लबचा. ते हाफ बॅक होते. त्या काळी दोन बॅक, तीन हाफ बॅक आणि पाच फॉरवर्ड अशी मांडणी असे. आज ज्याला मधली फळी म्हणतात ती तेव्हा या तीन हाफ बॅकांची. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले, त्या संघात फ्रँको होते. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. नावे त्यांचीच राहिली. चेंडू अडवून तो पुढच्याला देणाऱ्याचे नाव कोण लक्षात ठेवतो? १० मे २०२१ रोजी फ्रँको वारले, तेव्हा करोनाच्या बातम्यांच्या ढिगात ती बातमी कोपऱ्यात छापली गेली. 

मधल्या फळीतला खेळाडू हा संघाचा कारभारी असतो. पुढच्या फळीतल्याला समोरचे गोलजाळे दिसते, बचावपटूला अंगावर येणारा शत्रू दिसतो. मधल्या माणसाला मात्र पाठीमागे कोण उभा आहे आणि पुढे कोण धावणार आहे, या दोन्हींचे भान ठेवावे लागते. म्हणूनच जगभर अनेक चांगले प्रशिक्षक या फळीतून आले. पोर्तुगालचे उदाहरण घेऊ. लिस्बनचे पावलो बेंतो हे मधल्या फळीत खेळले. २००४ साली त्यांनी खेळणे थांबवले, आपल्याच स्पोर्टिंग क्लबच्या मुलांना शिकवू लागले आणि २००५ च्या ऑक्टोबरात त्याच क्लबच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. मुलांच्या संघापासून मुख्य खुर्चीपर्यंत त्यांना फार तर दीड वर्ष लागले. २०१० साली ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले, २०१२ च्या युरोपीय स्पर्धेत त्यांचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढे ते दक्षिण कोरियाला गेले आणि २ डिसेंबर २०२२ रोजी विश्वचषकात त्यांच्या कोरियन संघाने त्यांच्याच पोर्तुगालला २-१ असे हरवले. आधीच्या सामन्यानंतर पंचांशी हुज्जत घातल्यामुळे तो विजय त्यांना प्रेक्षकांत बसून पाहावा लागला, ही त्यातली गंमत.

आता आपल्या माणसाकडे येऊ. क्लिफर्ड मिरांडा यांचा जन्म १९८२ चा, गोव्यातला. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले आणि मग डेंपो स्पोर्ट्स क्लबमध्ये आले. मधल्या फळीची डावी बाजू ही त्यांची जागा. डेंपोचे मालक गोव्यातील सारस्वत व्यापारी घराणे, प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे नायजेरियाचे रँटी मार्टिन्स आणि त्यांना चेंडू पुरवणारे ब्राझीलचे बेटो. ही नावे एका दमात वाचली तरी गोव्याचा समाज डोळ्यांसमोर उभा राहतो. देऊळ आणि चर्च यांचे सण वेगळे, पण शनिवारी संध्याकाळी फातोर्ड्याच्या मैदानावर दोन्हीकडची माणसे एकाच बाकड्यावर.

या संघाने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले: राष्ट्रीय लीगमध्ये २००४-०५ आणि २००६-०७ साली, आणि तिची जागा घेणाऱ्या आय-लीगमध्ये २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ साली. २००८ साली तो आशियाई करंडकाच्या, म्हणजे ए. एफ. सी. कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे लेबनॉनच्या अल-सफाने त्याला थोडक्यात अडवले. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांत देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेलेच नाही. चार वेळा डेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. पंधरा लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या प्रदेशाने कोलकात्यासारख्या महानगराला सात वर्षे बाजूला बसवले. या पराक्रमाची नोंद मराठी वर्तमानपत्रांनी जितकी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, असे आमचे मत आहे.

या वैभवाच्या आरंभीच एक मृत्यू आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरू येथे फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात डेंपोची गाठ मोहन बागानशी होती. डेंपोचे दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या तरुणाने केले. दुसरा गोल करताना तो प्रतिस्पर्धी गोलरक्षकावर आदळला, मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. करंडक डेंपोने जिंकला. त्यानंतर काही महिन्यांत त्याच संघाने देशाचे पहिले विजेतेपद मिळवले. घरापासून हजारो मैलांवर, अनोळखी देशात मरण आलेल्या त्या मुलासाठी गोव्यात किती मेणबत्त्या लागल्या असतील, याची कल्पना आमचे वाचक करू शकतील.

खेळाडू म्हणून मिरांडा यांची कारकीर्द ही अशी संघाबरोबर वाढलेली. भारतीय संघाचा सदराही त्यांनी घातला. पण आम्हांला त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग अधिक बोलका वाटतो.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. मोठे पैसे आले, दूरचित्रवाणी आली, परदेशी खेळाडू आले आणि परदेशी प्रशिक्षक आले. पहिल्या सात हंगामांत एकाही संघाने कोणाही भारतीयाला कायमचा मुख्य प्रशिक्षक नेमले नाही. भारतीयाची जागा साहाय्यकाची. तो मैदानावर शंकू मांडणार, मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणार, मुख्य प्रशिक्षक आजारी पडले किंवा त्यांना काढून टाकले तर तात्पुरता कारभार पाहणार आणि नवे साहेब आले की पुन्हा बाजूला सरकणार. त्याच सुमारास गोव्यातील जुने क्लबही कोसळले. २०१६ साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. ज्या क्लबांच्या बाकावर गोव्याचा माणूस हक्काने बसू शकत होता, ते बाकच उरले नाहीत.

परवान्यांची शिडी मात्र सगळ्यांना खुली होती. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशा या परीक्षा. प्रत्येक पायरीला वर्ग, प्रात्यक्षिके, खर्च आणि वर्षे. भारतीय माणसे ही शिडी चढली. वर पोहोचल्यावर दार बंद होते.

येथे आम्हांला महाड आठवते. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर काम झाले. त्यानंतर तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा ठराव पहिल्यांदा खरा झाला. आणि तेव्हाही दंगल झाली, तळे ‘शुद्ध’ करून घेतले गेले, खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्च महिन्यात लागला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे.

तहान आणि महत्त्वाकांक्षा यांची बरोबरी आम्ही करीत नाही. पाण्यावाचून माणूस मरतो. प्रशिक्षकाच्या खुर्चीवाचून कोणी मरत नाही. मिरांडा यांच्यासारख्यांवर जे आले त्याला अन्याय म्हणावे की बाजाराची रीत, यावरही दुमत होईल. पण कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते, हे समजून घ्यायचे तर महाराष्ट्रात महाडसारखी दुसरी जागा नाही. आणि विषय निघालाच आहे तर आपल्याच घराकडेही पाहावे. गोव्यातील कित्येक चर्चमध्ये कोन्फ्रादीचे सभासद कोण व्हावे, सणाचा मान कोणाला मिळावा, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून ठरत आले. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर घेणारी माणसे मिरवणुकीत वेगवेगळ्या रांगांत चालत. चर्चपुढच्या मैदानात संध्याकाळी संघ निवडताना मात्र कप्तानाला पाय पाहावे लागत, घराणे पाहून भागत नसे. खेळाने जात मोडली असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. तासाभरापुरती ती कुंपणाबाहेर उभी राहिली, इतकेच.

३१ जानेवारी २०२० रोजी एफ. सी. गोवा या संघाने आपले स्पॅनिश प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांना दूर केले. संघ तक्त्याच्या वरच्या टोकाला होता, तीन साखळी सामने उरले होते. साहाय्यक मिरांडा यांच्याकडे कारभार आला. वरून लक्ष ठेवायला साळगावकरचे जुने बचावपटू डेरिक परेरा होते, ज्यांनी २००५-०६ साली मुंबईच्या महिंद्र युनायटेडला देशाचे विजेतेपद मिळवून दिले होते. पुढच्या तीन सामन्यांत गोव्याने हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२ आणि १९ फेब्रुवारी रोजी जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० असे हरवले. तीन सामन्यांत चौदा गोल. साखळीतील पहिले स्थान आणि त्याचे मानचिन्ह गोव्याला मिळाले, आणि आशियातील सर्वांत वरच्या क्लब स्पर्धेच्या गटात थेट प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. ज्या जमशेदपुरात मिरांडा विद्यार्थी म्हणून शिकले, त्याच गावी हे घडले. उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून मात्र पहिल्या सामन्यात १-४ असा मार बसला. फातोर्ड्याला गोव्याने ४-२ असा विजय मिळवला, तरी एकूण बेरजेत एक गोल कमी पडला.

नवा हंगाम आला, नवे स्पॅनिश प्रशिक्षक आले. मिरांडा पुन्हा साहाय्यक.

पुढे ते ओडिशा संघात गेले, तेही साहाय्यक म्हणून. २०२३ च्या वसंतात तेथील स्पॅनिश प्रशिक्षक जोसेप गोंबाऊ बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये केरळात होणाऱ्या सुपर कपसाठी संघ मिरांडा यांच्या हाती आला. पहिला सामना ईस्ट बंगालशी १-१ बरोबरीत सुटला. मग हैदराबादवर २-१, ऐजॉलवर ३-०, उपांत्य फेरीत नॉर्थईस्टवर ३-१. २५ एप्रिल रोजी कोझिकोडच्या मैदानावर अंतिम सामन्यात समोर बंगळुरू, त्यांच्याकडे सुनील छेत्री. ओडिशाच्या दिएगो मौरिसिओने मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले. छेत्रीने शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर एक परत केला, पण २-१ हा निकाल टिकला. ओडिशाचा तो पहिला करंडक. चार दिवसांनी त्याच मैदानावर गोकुळम केरळला ३-१ असे हरवून मिरांडा यांच्या संघाने आशियाई करंडकाच्या गटातही जागा मिळवली; तिन्ही गोल पुन्हा मौरिसिओचे.

सहा आठवड्यांत इतके मिळवून देणाऱ्याला खुर्ची मिळायला हवी होती, असे कोणालाही वाटेल. मे महिन्यात ओडिशाने नवा मुख्य प्रशिक्षक जाहीर केला: सेर्जिओ लोबेरा. तीन वर्षांपूर्वी ज्यांची रिकामी जागा मिरांडा यांनी भरून काढली होती, तेच आता मिरांडा यांनी जिंकलेल्या जागेवर आले. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर संपादकाने योगायोग फार झाला म्हणून ते पान परत पाठवले असते. न्यायाने सांगायचे तर लोबेरा हे कसलेले प्रशिक्षक आहेत, आणि त्यांच्या हाताखाली ओडिशाने त्या आशियाई स्पर्धेत आपला गट जिंकला. व्यवस्थापनाचा निर्णय धंद्याच्या हिशेबात चूक नव्हता. आम्हांला खुपते ते इतकेच की हा हिशेब मांडताना कोझिकोडचा करंडक कोणत्या रकान्यात धरला गेला, ते दिसत नाही.

त्यावर मिरांडा यांनी जाहीर आदळआपट केल्याचे आमच्या वाचनात नाही. ते कामाला लागले. २०२३ च्या सप्टेंबरात भारताच्या तेवीस वर्षांखालील संघाला घेऊन ते चीनमधील डालियान येथे गेले. तेथे चीनकडून १-२ आणि संयुक्त अरब अमिरातीकडून ०-३ अशी हार पत्करावी लागली. २०२४ च्या जानेवारीत मोहन बागानमध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. मुख्य प्रशिक्षक गेलेले, नवे अजून पोहोचलेले नाहीत आणि सुपर कप तोंडावर. दोन सामने जिंकले, पण ईस्ट बंगालने १-३ असे हरवल्यामुळे संघ गटातच बाद झाला. यश आणि अपयश दोन्ही त्यांच्या खात्यावर आहे, आणि ते तसेच असायला हवे. मुख्य प्रशिक्षकाला हरण्याचाही अधिकार लागतो. तात्पुरत्या माणसाला तोही नसतो. तो हरला तर भारतीय प्रशिक्षक हरले असा अर्थ निघतो.

मिरांडा यांच्या आधी हा अनुभव सावियो मदैरा यांनी घेतला होता. साळगावकरच्या मधल्या फळीतले हे गोमंतकीय खेळाडू २०११ च्या ऑक्टोबरात भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. डिसेंबरात दिल्लीत दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला ४-० असे हरवून त्यांनी करंडक जिंकला. तीन महिन्यांनी काठमांडूच्या स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. त्याच वर्षी डच प्रशिक्षक आले आणि पुढची तेरा वर्षे राष्ट्रीय संघाच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसला नाही.

ती खुर्ची ज्यांना मिळाली तेही मधल्या फळीतलेच. खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा, घर मुंबईचे. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून ते खेळले, दुखापतींनी लवकर थांबले आणि २००९ पासून मुंबई एफ. सी. या छोट्या संघाला वर्षानुवर्षे तग धरायला शिकवत राहिले. २०१७ साली त्यांनी मिझोरामच्या ऐजॉल संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. सुपर लीगमध्ये कायमचा मुख्य प्रशिक्षक होणारे पहिले भारतीय तेच, २०२१ साली, नॉर्थईस्ट युनायटेडकडे. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची भारताचे प्रशिक्षक म्हणून निवड झाली. पहिल्याच महिन्यात त्यांच्या संघाने ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवले, सप्टेंबरात ओमानवर पेनल्टीने मात करून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरे स्थान घेतले. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई करंडकाचे दार बंद झाले. यावेळी मात्र दुसऱ्या दिवशी कोणी नवे साहेब आणले नाहीत.

त्याच २०२५ साली चेन्नईयिन संघाने आपल्या मुख्य प्रशिक्षकाचे नाव जाहीर केले. पाच वर्षांपूर्वी ज्या संघाने एका गोलाच्या फरकाने गोव्याला अंतिम सामन्यापासून रोखले होते, त्याच संघाची खुर्ची क्लिफर्ड मिरांडा यांना मिळाली; आणि त्या नेमणुकीपुढे ‘तात्पुरते’ हा शब्द नव्हता.